ही कारवी कोण?

संगमनेर
८ ऑक्टोबर २०२५

आत्या,

नमस्कार आधी, भांडण नंतर.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्याला तू "बरं बरं" म्हणतेस, म्हणून हे पत्र. लॅबमध्ये दुपारी गर्दी ओसरते तेव्हा लिहायला बसले आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या रक्ताच्या बाटल्यांवर त्यांची त्यांची नावं चिकटवते, आणि आता स्वतःच्याच नावापाशी अडले आहे.

घोडेगावचं स्थळ जमलं हे बाबांनी कळवलं असेलच. मुलगा हर्षल. बैलबाजाराच्या रस्त्याला कडबाकुट्टीच्या यंत्रांचं दुकान आहे. कमी बोलतो, पण दुसऱ्याचं ऐकून घेतो. मला आवडला आहे, हे तुला लिहायला लाजत नाही. गेल्या रविवारी त्याची आई, पंकजाबाई, पेढे घेऊन मळ्यात आल्या. चहा झाला, गप्पा झाल्या आणि उठता उठता म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय, घर पसंत हाय. नाव तेवढं बदलू."

लग्नातल्या लक्ष्मीपूजनाला नवरा तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, ते. त्यांच्या गुरुजींनी 'स' काढून दिला आणि त्यांनी नावही ठरवलं. संस्कृती. आत्या, सकाळी दात घासायच्या आधी मला संस्कृती म्हणून कोणी उठवलं तर मी उठेन का?

त्यांचं कारणही ऐक. त्या एकदा कळसूबाईला गेल्या होत्या. सगळा उतार काळा, वाळलेला. कोणीतरी सांगितलं, ही कारवी, सात वर्षांनी फुलते आणि फुलली की मरते. "तेच नाव घरात आनू व्हय? मागल्या साली हर्षल गाडीवरनं पडला. अजून माझं काळीज जाग्यावर न्हाई." हर्षलचे काका म्हणाले, "अख्ख्या जिल्ह्याचं नाव बदललं, येष्टी जायची तिथंच जाती ना?" सगळे हसले, मीही हसले. तेव्हापासून मात्र कशात लक्ष लागत नाही. हाताला काम नसलं की उठून उगाच फेऱ्या मारते.

बाबांना विचारलं तर म्हणाले, "आक्काला इचार, नाव तिनं ठिवलंय." बारशाला पाळण्यावर वाकून तूच माझ्या कानात सांगितलंस. शाळेत कोणी विचारलं की मी "फुलाचं नाव आहे" म्हणून मोकळी व्हायचे. आता तेवढ्याने भागत नाही. दिवाळीनंतर ते लोक याद्या करायला येणार आहेत. नाव ठेवायचं की सोडायचं हे त्याआधी मला ठरवायचं आहे, आणि जे सोडायचं ते काय आहे हेच मला माहीत नाही. हेच नाव का ठेवलंस?

लगेच लिही.

तुझी
कारवी


राजूर
१४ ऑक्टोबर २०२५

चि. कारवी,

आशीर्वाद. भांडण पोचलं.

राधाकृष्णाने माझ्यासाठी कानाचं मशीन आणलं आहे. ते घातलं की बाजारातला सगळा गलका ऐकू येतो आणि समोरचा बोलतो तेवढं येत नाही. म्हणून ते कपाटात आहे. लेकाला सांगू नकोस.

तू नावाचं विचारलंस. त्यात पोथीपुराण काही नाही. तू झालीस तेव्हा आमच्या इकडचा डोंगर कारवीने निळा झाला होता. फार सुंदर दिसत होता. पोर झाली, फूल दिसलं, नाव ठेवलं. संपलं.

आणि पंकजाबाई म्हणतात तर बदलू दे. तोंडावर बोलणारी बाई आहे, मागून बोलणारीपेक्षा बरी. संस्कृती जरा जड आहे खरं, पण सवय होते. सवय कशाचीही होते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा अशा मी पुष्कळ पाहिल्या. माणूस नीट असला म्हणजे झालं. हर्षल नीट आहे असं तूच लिहितेस, मग एवढ्याशा गोष्टीवरून जमलेलं लग्न कशाला अडवायचं? नाव बदलल्याने कोणी मेलेलं माझ्या पाहण्यात नाही.

तुझ्या बापाला, काकासाहेबाला, या बाबतीत खोदून खोदून विचारू नकोस. त्याला बीपी आहे.

चकल्या पाठवते. मोडल्या तर चुरा खा.

आत्या


संगमनेर
२७ ऑक्टोबर २०२५

आत्या,

तुझं पत्र मी दोनदा फाडायला घेतलं. नाव तू ठेवलंस आणि "बदलू दे" लिहिताना तुझा हात जरासुद्धा थांबला नाही? मला वाटलं होतं, तू तरी माझ्या बाजूने भांडशील.

शिवाय तू खोटं बोललीस. मी संक्रांतीच्या सुमाराला झाले. कारवी फुलते भाद्रपदात. संक्रांतीला डोंगरावर गवतसुद्धा पिवळं पडलेलं असतं, तू निळा रंग कुठून आणलास?

पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे. दिवाळीच्या साफसफाईला मी मळ्यातल्या घरी गेले होते. माळ्यावरची पोती खाली काढली, त्यामागे जुन्या गोधडीत गुंडाळलेली पितळेची घागर होती. मला वाटलं, आजीची असेल. चिंच लावून घासली, तर गळ्याखाली ठिपक्या ठिपक्यांनी घातलेलं नाव दिसलं. कारवी. त्याखाली १९८०. माझ्या जन्माच्या वीस वर्षं आधी.

मी घागर बाबांपुढे नेऊन ठेवली. त्यांनी एकदा पाहिली, म्हणाले, "ठिव वर," आणि निघून गेले. दिवाळीचे दिवस असून माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. आईला विचारलं तर ती म्हणाली, मी या घरात आले तेव्हापासून ती माळ्यावरच आहे, कोणाची ते मलाही कोणी सांगितलं नाही.

मग मीच जोडत बसले. नाव घातलेली घागर मुलीच्या लग्नासाठी घेतात आणि लग्नात दिलेलं भांडं तिच्याबरोबर सासरी जातं. ही घागर गेलीच नाही. म्हणजे तुम्हाला आणखी एक बहीण होती. तिच्यासाठी भांडी जमवली आणि ती लग्नाआधीच वारली. तिचं नाव तू मला दिलंस. म्हणून बाबा गप्प, म्हणून तुला ते आता पुसून टाकायची घाई. बरोबर ना? पंचवीस वर्षं मी एका मेलेल्या मुलीचं नाव वागवते आहे आणि घरात कोणाला ते सांगावंसं वाटलं नाही.

हे सगळं मी त्याच दिवशी फोनवर हर्षलला सांगून बसले. दुसऱ्या कोणाला सांगणार होते? त्याने ते आईला सांगितलं. लपवायचा त्याचा स्वभाव नाही, एरवी मला त्याचं हेच आवडतं. आता पंकजाबाईंचा निरोप आला आहे की लग्नाच्या तोंडावर मेलेल्या पोरीचं नाव ऐकायला नको होतं. याद्या पुढे ढकलल्या आहेत. कधीपर्यंत ते सांगितलेलं नाही.

ती कोण होती? कशाने गेली? आता तरी खरं सांग.

कारवी


पोस्टकार्ड
राजूर, १ नोव्हेंबर २०२५

चि. कारवीस आशीर्वाद. कोणीही मेलेलं नाही. हे घोडेगावला आधी कळव. आम्ही दोघंच भावंडं, तिसरं कोणी नव्हतं. कार्ड आमचा पोस्टमन वाचतो आणि वर मला येऊन अर्थ विचारतो, म्हणून इथे एवढंच. सविस्तर पत्र लिहिते. तोवर बापाशी भांडू नकोस आणि ती घागर परत माळ्यावर टाकू नकोस. आत्या


संगमनेर
२० नोव्हेंबर २०२५

आत्या,

"सविस्तर पत्र लिहिते" म्हणालीस, त्याला आता तुळशीची लग्नंसुद्धा होऊन गेली.

कोणी मेलेलं नाही हे मी घोडेगावला सांगितलं. पंकजाबाई म्हणाल्या, "मग कुनाचं हाय?" मला उत्तर देता आलं नाही आणि त्यांना वाटलं, मी लपवते आहे. हर्षलचा फोन येतो, पण आम्ही दोघं पावसापाण्याचं बोलतो. काल एका पेशंटच्या बाटलीवर दुसऱ्याचं नाव चिकटवलं. वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं. सरांनी मला घरी जायला सांगितलं, तर मी स्टँडवर गेले, राजूरच्या गाडीजवळ उभी राहिले आणि परत आले. तुझ्यासमोर येऊन विचारायचं धाडस झालं नाही.

लिही ना.

कारवी


राजूर
२६ नोव्हेंबर २०२५

कारवी,

कितीदा लिहायला बसले आणि दर वेळी उठून धुणं काढलं. आता घरात धुवायला काही उरलेलं नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. मी तर पंचेचाळीस वर्षं तेच करत आले. ती घागर माझी आहे. कारवी मी.

म्हणजे होते, लग्नाआधी.

आमची आई, तुझी आजी, माझ्या वेळी बाळंतपणाला माहेरी निघाली होती, डोंगरापलीकडे. भाऊ न्यायला आला होता. निघायला उशीर झाला होता, कारण खुरपणी उरकल्याशिवाय घरच्यांनी तिला सोडलं नाही. वाटेत पाऊस आणि कळा एकदमच आल्या. उतारावर एका ठाकर बाईची झोपडी होती, तिथे मी झाले. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून केलेल्या भिंती होत्या. एका अंगाला शेणमातीने लिंपून झालं होतं, दुसरीकडे काठ्यांमधून पाणी आत येत होतं. त्या बाईने मला लिंपलेल्या भिंतीच्या कडेला कोरड्यात ठेवलं आणि आईला म्हणाली, "हिला कारवीनं राखली बाय. इसरू नको."

आई विसरली नाही. बारशाला माझी आत्या माझ्यासाठी शशिकला हे नाव ठरवून आली होती. आईने ऐकलं नाही, हिचं नाव आधीच पडलंय म्हणाली. आत्या मरेपर्यंत त्याचा राग धरून होती. तेव्हा पंकजाबाईंना सांग, कारवी फुलली की मरते हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण माझं नाव फुलावरून पडलं नाही. ते भिंतीवरून पडलं. आडोशाचं नाव आहे ते.

मग लग्न झालं. राजूरला तांदळात सत्यशीला लिहिलं गेलं. मला कोणी विचारलं नाही आणि विचारावं असं मलाही तेव्हा वाटलं नाही, सगळ्याच मुलींची बदलायची. पण घागर मामाने दिली होती, आईला न्यायला आला होता तोच मामा. त्याने हौसेने कासाराकडून माझं नाव घालून घेतलं होतं. माझी हळद उतरायच्या आत सासऱ्यांनी ती घागर उचलून पाहिली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ही कारवी कोण? आमच्या घरात सत्यशीला आली आहे. दुसऱ्या बाईचं भांडं आमच्यात नको." काकासाहेब माझ्या पाठराखणीला आला होता, लहान होता. त्याच्याच हाती घागर परत पाठवली. तो रडत होता आणि मी दारात उभी राहून त्याला "नीट जा" म्हणाले. त्याने ती एस.टी.त मांडीवर धरून नेली. म्हणून तो बोलत नाही. बीपीचं मी आपलं काहीतरी लिहिलं.

सत्यशीला काही वाईट बाई नव्हती हं. तिने अंगणवाडी चालवली, अर्ध्या राजूरला पाढे शिकवले, सासूचं अखेरपर्यंत केलं, राधाकृष्णाला वाढवलं. राधाकृष्णाचे वडील तिला जपून होते. तक्रार करावी असं काही घडलं नाही. पण ते जुनं नाव कुठे ठेवावं हे मला कळेना. सासऱ्यांनी शपथ घातली होती की या घरात ते पुन्हा ऐकू येता कामा नये, म्हणून तोंडातून कधी काढलं नाही. माझ्या मुलालाही ते माहीत नाही.

तू झालीस. तुझ्या आईच्या मनात मयूरी होतं. पण बारशाचा मान आत्याचा. मी पाळण्यावर वाकले आणि तुझ्या कानात माझंच नाव सांगून टाकलं. जमलेल्या बायका माझ्या लग्नानंतर गावात आलेल्या, कोणाला काही कळलं नाही. माझी आई मात्र पदर तोंडाला लावून आत गेली. काकासाहेब तुझ्या आईला एवढंच म्हणाला, "आक्काची विच्छा हाय, ऱ्हाऊ दे."

त्यानंतर सुट्टी लागली की मी मळ्यात यायचे. तुम्हाला वाटायचं, आत्याला भाचीचा फार लळा. निम्मं खरं आहे ते. उरलेलं निम्मं म्हणजे मला ती हाक ऐकायची असायची. तुझी आई ओट्यावरून ओरडायची, "कारवी, जेवायला चल," आणि माझी मान आधी वळायची. ओ अगदी ओठांपर्यंत यायची. तेवढ्यात तू "आले" म्हणायचीस आणि मी ती गिळायचे.

म्हणून मी "बदलू दे" लिहिलं. ठेव म्हणाले असते तर ते तुझ्यासाठी म्हणते आहे की माझ्यासाठी, हे माझं मलाच कळलं नसतं. आधीच माझं उतरलेलं लुगडं तुला नेसवलं. आता त्यापायी तुझं लग्न मोडलं तर मी कोणाला तोंड दाखवू? माझे कान तसेही चालले आहेत, मी आता किती दिवस ऐकणार. तू मोकळी आहेस. मनापासून लिहिते आहे.

आत्या


संगमनेर
१० जानेवारी २०२६

आत्या,

उत्तराला उशीर झाला. आधी काहीतरी करायचं होतं, मग लिहायचं होतं.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. अर्ध्यावरच ते उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसत म्हणाले, "घागर लई जड हुती." एवढंच. मग जेवायला बसले.

त्यानंतर मी घोडेगावला गेले, एकटी. लग्नाआधी मुलीने असं जायचं नसतं हे माहीत आहे, आईने दारापर्यंत येऊन तेच सांगितलं. नेमका बाजारचा दिवस. रस्ताभर म्हशींचे टेम्पो, त्यात आमची गाडी अडकलेली. तेवढ्या वेळात मी काय काय बोलायचं ते पाठ केलं आणि त्यांच्या दारात पोचेपर्यंत सगळं विसरले. हर्षल दुकानात होता. पंकजाबाई मागच्या अंगणात राखेने भांडी घासत होत्या. मला एकटीला पाहून त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. झोपडी, भिंत, घागर, सगळं. सांगताना कुठेतरी माझं नाव आणि तुझं नाव एकमेकांत गुंतलं आणि मी रडले. त्या म्हणाल्या, "मंजी मेलेल्या पोरीचं न्हाई?" मी म्हटलं, "नाही, जिवंत बाईचं आहे. राजूरला असते ती."

त्या उठल्या. घरातून एक मोठी परात आणून माझ्या हातात दिली. कडेला नाव होतं, पंकजा. म्हणाल्या, "उजेडात धर." धरली. पंकजाच्या खाली आणखी ठिपके होते, ठोकून ठोकून खोडलेले, पण वाचता येत होते. मैना.

"आईनं दिली परात," त्या म्हणाल्या. "सासूबाईनी कासाराकडनं खोडून घेतलं. घासताना हाताला लागतं अजून."

मी विचारलं, वाईट वाटलं होतं का. तर म्हणाल्या, "कामं असत्यात गं घरात. वाईट वाटून घ्यायला कोन बसतंय." मग परात माझ्या हातून परत घेत, "पर डोंगर काळा पडल्याला मी ह्या डोळ्यांनी पाह्यलाय. मला भ्या वाटतं पोरी, खोटं कशाला बोलू."

मी म्हटलं, मलाही वाटतं. हर्षल गाडीवर असला आणि फोन उचलला नाही की मीही पुन्हा पुन्हा फोन लावत बसते. नाव बदलून ती भीती जाणार असेल तर मी आजच संस्कृती होते. जाणार नसेल तर राहू द्या. त्यांनी चहा ठेवला, दोन वेळा साखर घातली, आणि हर्षलच्या काकांना मला स्टँडवर सोडायला सांगितलं. परतीच्या वाटेत मला वाटत राहिलं, की झालं, मोडलं.

आठवडाभर काहीच निरोप नव्हता. मग परवा हर्षलचा फोन आला. म्हणाला, "आई म्हनती, जे नाव हाय तेच ऱ्हानार असंल तर तांदूळ उगा कशाला वाया घालवायचे." मी विचारलं, तुला काय वाटतं. तो म्हणाला, "मी न्हाई वाया घालवनार. मी लिहिनार, जे हाय तेच." आत्या, मी फोन ठेवून लॅबच्या जिन्यात बसले आणि मला कळेना की मी हसते आहे की काय करते आहे.

लग्न फेब्रुवारीत आहे. आता तुला विचारायचं ते विचारते. तू लिहिलंस, तू मोकळी आहेस. मला मोकळं व्हायचं नाही. उतरलेलं लुगडं म्हणालीस त्याचा मला राग आला. मी हे नाव पंचवीस वर्षं वापरलं आहे, ते माझं आहे आणि मला ते हवं आहे. पण तू अजून त्या हाकेची वाट बघत असशील, तर माझ्या लग्नात ते नाव पुकारताना ऐकून तुला कसं वाटेल? तुझं नाव तुला परत हवं आहे का? खरं सांग, मागच्यासारखं नको. आणि उत्तर काहीही असलं तरी लग्नाला ये.

तुझी
कारवी


राजूर
३ मार्च २०२६

चि. सौ. कारवी,

अनेक आशीर्वाद. तुला मुद्दाम उत्तर लिहिलं नव्हतं. तू खरं सांग म्हणालीस आणि खरं काय ते मला माहीत नव्हतं. म्हटलं, लग्नाला जाऊ, तिथे कळेल.

तुझ्या लग्नात मला खुर्ची मिळाली ती नेमकी कर्ण्याच्या शेजारी. कानाचं मशीन न घालता सगळी मंगलाष्टकं ऐकली, एवढा तो जवळ होता. तांदळात हर्षलने लिहिलं ते उभं राहून पाहिलं. अक्षर गिचमिड आहे त्याचं. कडेला बसलेल्या कोणा म्हातारीने "नवं नाव काय?" विचारलं तर पंकजाबाई म्हणाल्या, "हाय त्येच हाय," आणि पेढ्याचं ताट पुढे सरकवलं. बाई मला आवडली.

पण मी सांगते आहे ते निघतानाचं. गाडी दारात लागली होती, तू काकासाहेबाच्या गळ्यात पडून रडत होतीस, आणि पंकजाबाईंनी हाक मारली, "कारवी, चल गं." सासूच्या तोंडून ते नाव. सासरी आल्यावर पहिले काही महिने मी वाट पाहिली होती, की कोणी चुकून तरी मला तशी हाक मारेल. कोणी मारली नाही. तुला मारली. तू डोळे पुसून "आले" म्हणालीस आणि गेलीस. मी वळले नाही. हाक स्वच्छ ऐकू आली होती, पण ती माझी नव्हती. मला बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं. दोन्ही खरं आहे. त्यातलं जास्त कोणतं ते विचारू नकोस.

राधाकृष्ण गाडी चालवत होता. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, त्यांच्या मागे आम्ही मुंगीच्या पावलांनी. मी रडत होते. त्याला वाटलं, धुळीने डोळ्यांत पाणी आलं, म्हणून त्याने काच वर केली. मग म्हणाला, "आई, भाची सासरी गेली म्हणून एवढं?"

मी म्हटलं, "नाही रे. माझं नाव कारवी आहे."

त्याला आधी काही कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं होतं तसंच. चाळिशी ओलांडलेला माणूस, आजवर प्रत्येक कागदावर आईच्या नावाच्या रकान्यात सत्यशीला लिहीत आला. मधे एकदा त्याने गाडी कडेला घेतली, पाणी प्यायला आणि पुन्हा चालवायला लागला. मग म्हणाला, "मग आता आम्ही तुला काय म्हणायचं?"

"आईच म्हणायचं," मी म्हटलं. "पण एकदा हाक मारून दाखव."

"आईला नावाने?"

"एकदाच."

तो लाजला. समोर बघत काहीतरी पुटपुटला. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही, मोठ्याने मार. तेव्हा त्याने गाडीची काच खाली केली, का ते त्यालाच माहीत, आणि रानात लांब गेलेल्या माणसाला मारावी तशी हाक मारली, "कारवी."

मी ओ दिली.